अंडी बंद झाल्यावर

आमच्या गावाचं नाव चांदूर. पण नुसतं चांदूर म्हणून भागत नाही. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं. 1860 च्या दशकात भुसावळकडून नागपूरकडे लोहमार्ग गेला, आमच्या गावाला स्टेशन मिळालं आणि गाव चांदूर रेल्वे झालं. तरी पत्रं चुकायची ती चुकायचीच. अशाच एका चुकलेल्या पत्रामुळं आमच्या घरातली एक कोंबडी कापली गेली. या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. आम्ही भावंडं एकत्र आलो की सगळं बोलतो, पण काबरीचा विषय अजूनही कुणी आपणहून काढत नाही.

अब्बा शिलाईचं काम करायचे. दिवाळी, ईद आणि लग्नसराई सोडली तर मशीन अर्धा दिवस गप्प असायची. घरात आपा आणि तिच्या पाठची आम्ही तिघं. मागच्या अंगणात लिंबाचं झाड, त्याच्याखाली बांबूच्या कामट्यांचा दडबा, आणि दडब्यात अम्मीच्या आठ-दहा कोंबड्या. कोंबड्या अम्मीच्या, म्हणजे अगदी अम्मीच्याच. अब्बांच्या कमाईचा हिशेब किराणा दुकानदाराच्या वहीत असायचा, अंड्यांच्या पैशांचा हिशेब फक्त अम्मीच्या डोक्यात. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ते पैसे साठायचे. आमच्या वह्या, कंपासपेट्या, पावसाळ्यातल्या रबरी चपला त्या बरणीतून निघाल्या. आपाची दहावीची परीक्षा फी त्यातूनच भरली गेली.

गावठी कोंबडी काही रोज अंडं देत नाही. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते. अंग फुगवून बसते, कुणी जवळ गेलं की चोच मारते. अंड्यांवर बसवली तर एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, मग दोन-अडीच महिने ती पिल्लांच्या मागं. असं करत वर्षाला साठ-सत्तर अंडी झाली तरी खूप. पण बाजारच्या पांढऱ्या अंड्यापेक्षा गावठी अंड्याला चार आणे जास्त मिळायचे. कुणाच्या घरी बाळंतीण असली, कुणी तापातून उठला, की आमच्या दारात डबा यायचा. शेजारच्या काकूंच्या घरात अंडं चालत नव्हतं. त्यांच्या थोरल्याला तालमीचा नाद. तो सकाळी आमच्या ओट्यावर बसून दोन अंडी दुधात फेटून प्यायचा आणि तोंड धुऊन घरी जायचा. काकूंना हे ठाऊक होतं. महिन्याअखेर पैसे त्याच आणून द्यायच्या, ‘‘दुधाचे हायेत वो भाभी,’’ असं म्हणून.

काबरी या सगळ्यांत जुनी. अंगावर काळे-पांढरे ठिपके, एका पायाचं नख तुटलेलं. 1988 च्या पावसाळ्यात ती आमच्याच दडब्यात अंड्यातून निघाली होती. तलंग झाली तेव्हापासून तिनं आपल्या डाव्या-उजव्या सगळ्यांना मागं टाकलं. पिल्लं वाढवण्यात तिचा हात धरणारी दुसरी नव्हती. घार दिसली की तिचा एकच विशिष्ट आवाज, आणि पिल्लं क्षणात पंखाखाली. एकदा मानमोडीची साथ आली. आपल्या देशात रानीखेतला सापडली म्हणून जिला सरकारी लोक रानीखेत म्हणतात, तीच ही मानमोडी. आठवड्यात दडबा रिकामा झाला, काबरी तेवढी वाचली. तिच्या पिल्लांवर अम्मीनं पुन्हा सगळं उभं केलं. त्यानंतर मात्र अम्मी बर्फ घातलेला थर्मास घेऊन गुरांच्या दवाखान्यात जायची आणि लस आणून पिल्लांच्या डोळ्यांत थेंब घालायची.

1993 च्या दिवाळीच्या आधी काबरीची अंडी बंद झाली. महिना गेला, दीड महिना गेला. पिसं गळायला लागली. मान उघडी पडली, शेपटी झडली, तुरा सुकून फिका पडला. ती भिंतीच्या कडेला उन्हात बसून राहायची. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘‘काऊन वो भाभी, थे कोंबडी अंडे देत नाई त तिले कायले पोसता?’’ अम्मी हसून सोडून द्यायची. अब्बा मात्र म्हणाले, ‘‘बुड्ढी हो गई. अब क्या देगी?’’

त्याच नोव्हेंबरात एका दुपारी अकोल्याहून तिघं जण दारात उभे राहिले. आपाला बघायला आले होते. आठ दिवसांपूर्वी त्यांनी पत्र टाकलं होतं, पण ते गेलं चांदूर बाजारला. आमच्या हातात ते चार दिवसांनंतर पडलं. त्या वेळी घरात तूरडाळ, कांदे आणि थोडे तांदूळ. बरणीत जे होतं ते आदल्याच आठवड्यात आपाच्या डी.एड.च्या फीमध्ये गेलेलं. किराणावाल्याकडची उधारी इतकी चढलेली की तिथं जायला तोंड नव्हतं. आणि मेहमान, तेही मुलीला बघायला आलेले.

अब्बा मागच्या अंगणात आले. कोंबडे नुकतेच विकून झाले होते. बाकीच्या कोंबड्या अंड्यांवर होत्या. अब्बांनी काबरीकडं बघितलं. मग अम्मीकडं. अम्मी काहीच बोलली नाही. चुलीपुढं जाऊन बसली आणि कांदा चिरायला लागली.

काबरीला पकडून आणायचं काम आमचं होतं. पकडावं लागलंच नाही. आम्ही हात पुढं केला तशी ती आली. दाणे असतील असं तिला वाटलं असावं. अब्बांनी सुरी पुन्हा एकदा घासून घेतली. तिला पाणी पाजलं. जनावराला तहानलेलं ठेवू नये, बोथट सुरीनं छळू नये, त्याच्यासमोर सुरी परजू नये, हे त्यांनी लहानपणी मदरशात ऐकलं होतं आणि जन्मभर पाळलं. पाय आम्ही धरले होते. दुसऱ्या कोंबड्या झटापट करायच्या. काबरी आमचे हात ओळखत होती. तिनं पाय ओढले नाहीत. त्या हातांना हे अजून आठवतं.

नंतर अम्मीनं तिला साफ करायला घेतलं आणि ती थांबली. आम्हाला हाक मारली. पोटात पाठीच्या कण्याजवळ पिवळ्या मण्यांचा घोस होता. मोहरीएवढे, ज्वारीएवढे, वाटाण्याएवढे, आणि एक चांगला बोराएवढा. त्यातला प्रत्येक मणी उद्याचं, परवाचं, पुढच्या आठवड्याचं अंडं होता. काबरीची अंडी संपली नव्हती. ती पुन्हा अंड्यांवर येत होती.

अम्मी एवढंच म्हणाली, ‘‘थकी थी. खतम नै हुई थी.’’

पाच वर्षांच्या कोंबडीचं मटण शिजता शिजेना. कच्च्या पपईचा तुकडा टाकला, दुपारची तिन्हीसांज होत आली. मेहमानांनी रश्श्याची तारीफ केली, बोट्या बाजूला ठेवल्या. आपा जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. अम्मीनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः डाळ घेतली. आम्ही जेवलो. भूक होती, खोटं कशाला सांगावं? पंधरा दिवसांनी अकोल्याहून नकार आला. मुलीचं शिक्षण थांबवायला आम्ही तयार नव्हतो, हे कारण. ते पत्र मात्र बरोबर पत्त्यावर आलं.

काबरीच्या पोटात असं का होतं, ते पुढं बऱ्याच दिवसांनी गुरांच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं समजावून सांगितलं. कोंबडी वर्षातून एकदा पिसं टाकते. दिवस लहान होऊ लागले की तिच्या अंगाला ते कळतं. भरपूर अंड्यांसाठी तिला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि आपल्याकडं नोव्हेंबरात दिवस उरतो अकरा तासांचा. पिसं म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच. नवी पिसं फुटायची तर अंड्यांचं काम बंद ठेवावं लागतं. दोन-तीन महिन्यांत पिसं भरतात, दिवस मोठा होऊ लागतो, आणि कोंबडी पुन्हा अंड्यांवर येते. खुडूक झाली तरी अंडी थांबतात, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला तरी थांबतात, दडब्यात उवा-पिसवा झाल्या तरी थांबतात. कधी कधी तर थांबतच नाहीत. कोंबडी शेजारच्या कुटाराच्या ढिगात गुपचूप घालून येते. आणि आपण म्हणतो, म्हातारी झाली, कापा.

डॉक्टरचं ऐकून अम्मी घरी आली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक कायदा झाला. जिची अंडी विकून खाल्ली, तिला कापायचं नाही. अंडी खरंच बंद झाली तरी नाही.

अब्बांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अल्लाहनं हलाल केलेली चीज आहे, त्यात कसला गुन्हा? गरिबाच्या घरी बिनकामाचे दाणे कुठून आणायचे? अम्मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं दिलेलं उत्तर आमच्या घरात म्हण होऊन बसलं. ‘‘हलाल है, फर्ज थोडी है!’’ परवानगी आहे म्हणून केलंच पाहिजे असं नाही. त्या रात्री अब्बांनी स्वतःच आम्हाला त्या उंटाची हदीस सांगितली. एका अन्साऱ्याच्या बागेतला उंट पैगंबरांना बघून रडला. मालक मला उपाशी ठेवतो आणि दमेपर्यंत राबवतो अशी त्याची तक्रार होती, आणि पैगंबरांनी त्या मालकाला बोलावून अल्लाहची भीती बाळगायला सांगितलं. हदीस सांगून झाल्यावर अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तांदळाची कणी घेऊन आले.

आता कुणाला वाटेल, आमच्या घरात मटण-कोंबडी बंद झाली. तसं काही झालं नाही. कोंबडे कापले जायचे, विकले जायचे. बकरीदला कुर्बानी व्हायची. बाजारातून ब्रॉयलर यायची, अजून येते. एक मामू अम्मीला चिडवायचे, ‘‘बाजार की चलती, घर की नै चलती, ये कौन सा मसला है?’’ अम्मी म्हणायची, ‘‘उसका मैंने कुछ खाया नै था. इसका खाया.’’ ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापायला तयार होते, ती कुणाची काबरी होण्याआधीच जाते. आणि पिंजऱ्यातली अंड्यांची कोंबडी साधारण दीड वर्षात, अंड्यांचा हिशेब तोट्यात गेला की, स्वस्तात विकून टाकली जाते. आमचा मसला आमच्या अंगणापुरता होता, त्यात विसंगती होती, आणि ती आम्हाला मान्य आहे.

म्हाताऱ्या कोंबड्या सांभाळणं म्हणजे नुसतं न कापणं नव्हे. अम्मी हे हळूहळू शिकली, आणि आम्ही तिच्या हाताखाली. आधी अंडी खरंच बंद आहेत का ते बघायचं. कोंबडीच्या मागच्या बाजूला दोन बारीक हाडं असतात. अंड्यांवर असलेल्या कोंबडीच्या त्या हाडांत दोन-तीन बोटं मावतात, बंद झालेलीच्या हाडांत एक बोट कसंबसं. म्हातारीला उंच दांडीवर चढता येत नाही. चढलीच तर सकाळी उडी मारताना पाय दुखावतो, तळव्याला गाठ होते. म्हणून अब्बांनी त्यांच्यासाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर चपटी फळी ठोकून दिली. दाणे टाकले की तरण्या कोंबड्या म्हाताऱ्यांना टोचून हाकलतात, तेव्हा त्यांचं भांडं वेगळं, डाल्याच्या आड. रात्री भिजवलेली ज्वारी, कणी, कधी हरभऱ्याची चुरी. अंड्यांवरच्या कोंबड्यांना टरफलांसाठी चुना लागतो, अंडी बंद झालेल्यांना तो जास्त झाला तर मूत्रपिंडाला बाधतो, म्हणून शिंपल्यांचा चुरा त्यांच्या भांड्यात टाकायचा नाही. चुलीची राख आणि माती मिसळून खड्डा भरून ठेवायचा. त्यात लोळल्या की उवा जातात. नखं वाढतात ती कापायची. मे महिन्यात माठाचं पाणी आणि दडब्यावर ओलं पोतं. थंडीत संध्याकाळी लवकर आत घ्यायचं, कारण म्हातारीला अंधुक उजेडात दिसत नाही.

त्या अगदीच बिनकामाच्या होत्या असंही नाही. एक म्हातारी अंडी देत नव्हती, पण खुडूक व्हायची. तिच्याखाली दुसऱ्यांची अंडी ठेवून अम्मीनं दोनदा पिल्लं काढली. वाळवी, गोमाशी, पाली काही सुटत नसे. त्यांच्या खतावर लिंबू असं धरायचं की मोहल्ल्याला पुरावं. पण आम्ही असं काही सांगू लागलो की अम्मी आम्हाला थांबवायची. तिचं म्हणणं, फायदा मोजायला लागलात की एक दिवस तो संपणारच, मग काय कराल?

एकदा मात्र तिनं स्वतःच कायदा मोडला. एका कोंबडीच्या पोटात पाणी भरलं. ती पेंग्विनसारखी उभी राहायची, श्वास घेताना चोच उघडायची. दवाखान्यात नेऊन दोनदा पाणी काढलं. तिसऱ्यांदा भरलं तेव्हा अम्मीनं अब्बांना सुरी आणायला सांगितलं. ‘‘अब इसको रोकना अपने वास्ते है, इसके वास्ते नै.’’ तिला खाल्लं नाही, लिंबाखाली पुरलं. सांभाळण्यात हेही येतं हे त्या दिवशी कळलं.

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. देशात पहिल्यांदाच. तिथं लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. नवापूर आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण भीतीला अंतर नसतं. इथंही कुणी अंडं घेईना. काही लोक अम्मीला सांगायला आले की म्हाताऱ्या आहेत, मारून टाका, कटकट मिटेल. अम्मीनं दडब्याला जाळी मारली, कोंबड्यांना दोन महिने बाहेर सोडलं नाही, हात धुतल्याशिवाय आम्हाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला पुन्हा साथ आली तेव्हाही तेच. सरकारी माणूस येऊन न्यायला लागला असता तर तिनं अडवलं नसतं. साथ साथ असते. पण नुसत्या भीतीपायी नाही.

कधीतरी आम्ही तिला सांगितलं की इंग्लंडमध्ये 2005 साली एका बाईनं संस्था काढली, पिंजऱ्यात दीड वर्षाच्या होईपर्यंत अंडी देऊन झालेल्या कोंबड्या कत्तलखान्यात जाण्याआधी घेऊन लोकांच्या परसात ठेवायला देतात, आणि लोक त्या अंड्यांची अपेक्षा न ठेवता नेतात. युरोपात 2012 पासून जुन्या पद्धतीचे अरुंद पिंजरे बंद केले गेले, तेही सांगितलं. आपल्याकडंही कायदा आयोगानं 2017 मध्ये पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या हालांवर अहवाल दिला. आम्हाला वाटलं ती खूश होईल. तिनं विचारलं, ‘‘दीड साल धूपच नै देखी?’’ आणि बराच वेळ गप्प बसली.

आज अब्बा नाहीत. आपा शिक्षिका झाली, तीस वर्षांच्या नोकरीनंतर आता निवृत्तीला आली. आम्ही बाकीचे नागपूर, अमरावती आणि पुण्याला. चांदूरच्या घरात अम्मी एकटी, आणि तिच्याबरोबर तीन कोंबड्या. चांदणी आठ वर्षांची, मोटी सात, भुरी सहा. नवी तलंग आणणं अम्मीनं बंद केलं आहे. ‘‘मेरे बाद कौन देखेगा?’’ असं म्हणते.

दोन वर्षांपूर्वी अम्मीचे गुडघे गेले, साखर वाढली. आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं की तिनं चार-चार महिने आळीपाळीनं आमच्याकडं राहावं. आम्ही चांगल्या मनानंच ठरवलं होतं. कोंबड्यांचं काय, असं तिनं विचारलं. आमच्यापैकी एक जण पटकन बोलून गेला, तीन म्हाताऱ्या कोंबड्या, अंडंसुद्धा देत नाहीत, त्यांच्यासाठी कुणी घर अडवून ठेवतं का? खर्च कशाला?

अम्मीनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, ‘‘तीनों का दाना महिने को दो सौ के अंदर होता. मैंने हिसाब किया. मेरी गोलियों से कम है.’’

त्यावर कुणीच काही बोललं नाही. आपा उठून आत गेली.

शेवटी आळीपाळी झाली, पण उलटी. महिन्यातले काही दिवस आमच्यापैकी एक जण चांदूरला येऊन राहतो. शेजारच्या काकूंचा तालमीवाला थोरला, आता त्याचेही केस पांढरे झालेत, तो रोज सकाळी दडबा उघडून देतो आणि अम्मीकडं चहा पितो. मगरिबच्या आधी दडबा लावायचं काम आमचं. अम्मीला आता नीट दिसत नाही. ती ओट्यावरून विचारते, ‘‘गिने क्या?’’ आम्ही मोजतो. चांदणी, मोटी, भुरी. ‘‘तीनों है.’’ मग ती वजूला उठते.

या फेब्रुवारीत आम्ही गेलो होतो. सकाळी दडबा उघडला तर भुरीच्या कोपऱ्यात अंडं. चौदा महिन्यांनंतर. लहान, टरफल खडबडीत, एका बाजूनं जरा चेपलेलं. दिवस मोठा होऊ लागला की म्हातारीही कधीमधी एखादं घालते. आम्ही ते ओंजळीत घेऊन पळत अम्मीकडं गेलो, लहानपणी जायचो तसे. तिनं हातात घेऊन बघितलं, कानाशी नेऊन हलवलं, पदरानं पुसलं. चेहरा खुलला होता. पण लगेच दाराकडं बघून आवाज खाली आणला.

‘‘किसी को बोलना नै,’’ ती म्हणाली. ‘‘लोग समझेंगे अंडे के वास्तेच रखी थी.’’